समास, मथळे आणि शिरोरेखा : लाटेकमधील मांडणीविषयी वाचकांचे प्रश्न

लाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आपल्याकडे आधी गणित-विज्ञानाच्या विभागांत रुळली. मराठी प्रबंध, कवितासंग्रह आणि गावांचे इतिहासही आता तिच्यात जुळवले जात आहेत, हे या वेळच्या पत्रांवरून दिसते. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस टेक ही मूळ प्रणाली लिहिली आणि लेस्ली लॅमपोर्ट यांनी १९८०च्या दशकात तिच्यावर लाटेकचा थर चढवला. हे थर लक्षात ठेवणे कामाचे आहे, कारण पानाचा आकार आणि मथळ्यांची रचना डॉक्युमेंट क्लासच्या (दस्तऐवजाच्या मूळ साच्याच्या) अखत्यारीत येते, ‘प्रकरण’ किंवा ‘अनुक्रमणिका’ यांसारखे शब्द भाषेचे पॅकेज (वरून जोडायचा तयार आज्ञांचा संच) पुरवते आणि अक्षरांचे वळण फॉन्ट ठरवतो. आलेल्या पत्रांतील बहुतेक तक्रारींचे मूळ एकच आहे : हवा असलेला बदल योग्य आहे, पण तो ज्याच्या हाती आहे त्याला सोडून भलत्यालाच सांगितला गेला आहे.

पुढे आज्ञांची आणि पॅकेजांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना त्यांचे मूळ रोमन स्पेलिंग वापरावे आणि आज्ञेच्या आधी नेहमीची उलटी तिरपी रेघ द्यावी.

प्रश्न : माझा प्रबंध ए-फोर कागदावर १२ पॉइंटांत आहे. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे डावीकडे दीड इंच आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना एक इंच समास हवा. मी ‘ऑडसाइडमार्जिन’ला दीड इंच ही किंमत दिली, तर समास अडीच इंच आला आणि उजवीकडच्या ओळी कागदाबाहेर गेल्या. शिवाय दीडपट अंतराची आज्ञा देऊनही ओळी वर्डपेक्षा दाट दिसतात, असे मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. (शोधछात्रा, कोल्हापूर)

उत्तर : आपला हिशेब चुकलेला नाही, फक्त मोजणीचा आरंभबिंदू वेगळा आहे. टेक पानाची मोजणी कागदाच्या कडेपासून करत नाही. कडेपासून एक इंच आत आणि एक इंच खाली असलेल्या बिंदूपासून करते, आणि ऑडसाइडमार्जिनची किंमत या एका इंचात मिळवली जाते. म्हणून शून्य लिहिले की एक इंच समास मिळतो आणि दीड लिहिले की अडीच. या सुट्या लांब्यांशी हाताने झटापट करणे आता कुणीही करू नये. जॉमेट्री हे पॅकेज घेऊन त्याला चारही समास सरळ सांगावेत. मजकुराची रुंदी, उंची आणि हेडरची जागा ते परस्परांशी मेळ घालून ठरवते. प्रबंध कागदाच्या दोन्ही बाजूंना छापला जाणार असेल, तर ‘डावा-उजवा’ असे न म्हणता ‘आतला-बाहेरचा’ म्हणावे, म्हणजे बांधणीचा समास सम पानांवर आपोआप उजवीकडे जाईल.

त्याआधी एक गोष्ट तपासावी. डॉक्युमेंट क्लासला कागदाचा आकार सांगितलेला नसेल, तर लाटेकचे मूळ क्लास अमेरिकी लेटर कागद, म्हणजे साधारण २१६ × २७९ मिलिमीटर, गृहीत धरून हिशेब करतात. तयार होणारी पीडीएफ मात्र अनेकदा ए-फोरची असते, आणि मग खालचा समास उगीचच मोठा दिसतो. क्लासच्या पर्यायांत ‘ए-फोर-पेपर’ लिहिणे हा एका शब्दाचा उपाय आहे.

या क्लासांची मुळातली रुंदी इतकी कमी का, असे अनेक जण त्राग्याने विचारतात. १० पॉइंटाला ती ३४५ पॉइंट, म्हणजे सुमारे १२१ मिलिमीटर असते आणि १२ पॉइंटाला ३९० पॉइंट, म्हणजे सुमारे १३७ मिलिमीटर. रोमन लिपीत एका ओळीत साठ-सत्तर अक्षरे बसली की डोळा पुढची ओळ न चुकता पकडतो, या अनुभवावर ही रुंदी बेतलेली आहे. विद्यापीठाच्या समासांनुसार आपल्याला १४७ मिलिमीटर रुंदीची ओळ मिळेल, आणि ती वाचायला लांबच आहे. म्हणूनच तिच्यासोबत ओळींमधले जास्त अंतर मागितले जाते. तो नियम निव्वळ कागद वाढवण्यासाठी नाही.

त्या अंतराविषयी मार्गदर्शकांचे निरीक्षण खरे आहे. सेटस्पेस पॅकेजातील ‘वनहाफस्पेसिंग’ ही आज्ञा अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर देते. १२ पॉइंटाच्या मजकुराला लाटेकमध्ये मुळात १४.५ पॉइंटांचे अंतर असते. ही आज्ञा त्याला १.२४१ने गुणते आणि उत्तर १८ पॉइंट येते. वर्ड मात्र फॉन्टच्या स्वतःच्या उंचीवरून निघालेल्या एकेरी अंतराची दीडपट करतो, आणि देवनागरी फॉन्टांची ही उंची वर-खालच्या मात्रांमुळे बरीच असते. वर्डशी मिळतेजुळते अंतर हवे असेल, तर सेटस्पेसच्याच ‘सेटस्ट्रेच’ या आज्ञेला दीडच्या आसपासचा आकडा द्यावा आणि एक पान छापून पट्टीने मोजावे. ‘लाटेकचे दीडपट’ आणि ‘वर्डचे दीडपट’ यांवर मार्गदर्शकांशी वाद घालण्यापेक्षा हे सोपे पडते.

प्रश्न : आम्ही डेमी आकाराचे एक ललित पुस्तक लाटेकमध्ये जुळवत आहोत. तीन अडचणी आहेत. मधूनच एखादी ओळ शेजारच्या ओळींपेक्षा किंचित दूर सरकते. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. प्रकरणाच्या पहिल्या पानावर मथळ्याच्या वर इतकी कोरी जागा सुटते की अर्धे पान वाया जाते. (प्रकाशक, सांगली)

उत्तर : पहिली अडचण मराठी पुस्तकांत हटकून येते आणि तिचे कारण समजले की उपाय आपोआप सुचतो. लाटेकमधील ओळींचे अंतर फॉन्टकडे पाहून ठरत नाही. अक्षराचा आकार १२ पॉइंट असला की फॉन्ट रोमन असो वा देवनागरी, अंतर १४.५ पॉइंटच असते. रोमन लिपीला ते पुरते. देवनागरीत एका ओळीत खाली उकार किंवा ऋकार लोंबत असतो आणि त्याच्या बरोबर खालच्या ओळीत रफार, वेलांटी किंवा अनुस्वार वर उभा असतो. दोन ओळी एकमेकींना भिडू लागल्या की टेक आपले नेहमीचे अंतर बाजूला ठेवून त्यांच्यामध्ये एक पॉइंटाची फट घालते, आणि तेवढीच ओळ सरकलेली दिसते. म्हणून अंतर इतके वाढवावे की भिडण्याचा प्रसंगच येऊ नये. माझ्या अनुभवात ‘लाइनस्प्रेड’ला १.२५ ते १.३ ही किंमत बहुतेक मराठी फॉन्टांना पुरते.

हा निर्णय पानाच्या मापाआधी घ्यावा. डेमी पान साडेपाच × साडेआठ इंचांचे, म्हणजे सुमारे १४० × २१६ मिलिमीटरचे धरू. आत १८, बाहेर १५, वर १८ आणि खाली २० मिलिमीटर सोडले, तर मजकुराला १०७ × १७८ मिलिमीटरची चौकट उरते. १.३च्या अंतराने तिच्यात १२ पॉइंटाच्या सुमारे २७ ओळी बसतात, ११ पॉइंटाच्या सुमारे २९. शेवटच्या ओळीखाली अर्ध्या ओळीची फट उरू नये यासाठी जॉमेट्रीला ‘हाइटराउंडेड’ हा पर्याय द्यावा. मग ती चौकटीची उंची पूर्ण ओळींत बसेल इतकी सरकवून घेते. तसे केले नाही, तर दोन्ही बाजूंच्या छपाईत लाटेक प्रत्येक पानाचा तळ जुळवण्यासाठी परिच्छेदांमधली जागा ताणत बसते, आणि समोरासमोरच्या पानांवरील ओळी एका पातळीत येत नाहीत. ललित पुस्तकात हे फार खटकते. जुने जुळारी असे फर्मे परत पाठवत असत.

‘ल’ आणि ‘श’ यांचा प्रश्न फॉन्टचा आहे, पण उत्तर फॉन्टस्पेक पॅकेजात आहे. अनेक चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणे दडलेली असतात आणि भाषा सांगितली तरच मराठी वळण बाहेर येते. म्हणून फॉन्ट घेताना लिपी देवनागरी आणि भाषा मराठी हे दोन्ही पर्याय स्पष्ट लिहावेत. केवळ लिपी लिहिली तर जोडाक्षरे बरोबर जुळतात, पण वळण फॉन्टच्या मूळ पसंतीचे राहते. आपल्याकडे नेमके हेच झाले असावे. आपण लुआलाटेक (लाटेक चालवणारे एक इंजिन) वापरत असाल, तर ‘हार्फबझ’ हा रेंडररही (अक्षरांची जोडणी करणारा भाग) सांगावा. झीलाटेक या दुसऱ्या इंजिनाला त्याची गरज नसते. काही फॉन्टांत मात्र मराठी वळण मुळातच नसते आणि तेथे कोणताही पर्याय चालत नाही. तिरो देवनागरी या फॉन्टाची मराठी, हिंदी आणि संस्कृत अशी स्वतंत्र रूपे उपलब्ध आहेत. त्यातले मराठी घेतले की हा प्रश्न उरत नाही, पण त्यात सरळ आणि तिरपे अशी दोनच वळणे आहेत, ठळक नाही, हे मथळ्यांचा विचार करताना ध्यानात ठेवावे.

मथळ्यावरची कोरी जागा बुक क्लासने घातलेली आहे. तो प्रकरणाच्या आधी ५० पॉइंट जागा सोडतो, मग ‘प्रकरण’ हा शब्द आणि क्रमांक, मग २० पॉइंट, मग शीर्षक आणि त्याच्या खाली ४० पॉइंट. ए-फोरवर हे शोभते. डेमी पानावर नुसती वरची जागाच साडेसतरा मिलिमीटर होते, म्हणजे आपल्या चौकटीचा दहावा भाग. टायटलसेक पॅकेजातील ‘टायटलस्पेसिंग’ने या जागा आणि ‘टायटलफॉरमॅट’ने मथळ्याची घडण बदलता येते. ललित पुस्तकासाठी माझी पसंती अशी : क्रमांक लहान आणि एका ओळीत, शीर्षक मजकुराच्या दीडपट आकारात, वर २० पॉइंट आणि खाली मजकुराच्या दोन पूर्ण ओळींइतकी जागा.

येथे एक इशारा देतो. मथळा भारदस्त दिसावा म्हणून रोमन पुस्तकांत अक्षरे विरळ करण्याची पद्धत आहे आणि इंग्रजी नमुन्यांतून ती आज्ञा सर्रास उचलली जाते. देवनागरीत ती लावली की शिरोरेखा तुटते आणि मथळा शब्दाऐवजी सुट्या अक्षरांची रांग वाटू लागतो. भारदस्तपणा आकाराने आणि मोकळ्या जागेने आणावा.

प्रश्न : अनुक्रमणिकेच्या मथळ्याला ‘अनुक्रम’ असे नाव द्यायचे आहे. ‘रिन्यूकमांड’ने ‘कंटेंट्सनेम’ बदलले, कोणतीही चूक दाखवली गेली नाही, तरी छापील नाव बदलत नाही. (भाषांतरकार, बेळगाव)

उत्तर : आपला बदल झाला होता, पण नंतर पुसला गेला. भाषेचे पॅकेज हे सगळे शब्द ‘बिगिन डॉक्युमेंट’ या क्षणी नव्याने भरते, त्यामुळे त्याआधी, फाइलच्या आरंभीच्या मजकुरापूर्वीच्या भागात लिहिलेली आपली व्याख्या टिकत नाही. नवा शब्द भाषेच्या यादीतच घालावा लागतो. पॉलिग्लॉसिया वापरत असाल, तर ‘जी-ॲप-टू’ या आज्ञेने ‘कॅप्शन्समराठी’च्या शेवटी आपली व्याख्या जोडावी, बेबल वापरत असाल, तर ‘सेटलोकेलकॅप्शन’ ही आज्ञा नेमकी याच कामासाठी आहे. ‘आकृती’, ‘तक्ता’, ‘संदर्भ’, ‘परिशिष्ट’ हे शब्दही असेच बदलतात. रिन्यूकमांड दस्तऐवजाच्या आत, अनुक्रमणिकेच्या आधी लिहिला तरी काम होते, पण मध्येच एखादा इंग्रजी परिच्छेद आला आणि भाषा पुन्हा मराठीवर परतली की जुना शब्द परत येतो.

अनुक्रमणिकेत क्रमांक शीर्षकावर चढतो, असेही आपण ताजा कलमात लिहिले आहे. बुक क्लास उपप्रकरणाच्या क्रमांकाला २.३ एम इतकी जागा ठेवतो (एक एम म्हणजे साधारण अक्षराच्या आकाराइतकी रुंदी), ‘१२.१०’ देवनागरी अंकांत तेवढ्यात मावत नाही. टोकलॉफ्ट पॅकेजात ही रुंदी वाढवता येते. ३ एम पुरावेत.

प्रश्न : कोमा-स्क्रिप्टचा क्लास घेतला आणि सगळे मथळे नाहीसे झाले, मजकूर व्यवस्थित आहे. शिवाय जोर द्यायचे शब्द ‘एम्फ’मध्ये घातले तरी ते साध्या शब्दांसारखेच दिसतात. (गणिताचे शिक्षक, चिपळूण)

उत्तर : मथळे आहेत, पण ज्या फॉन्टात ते छापायला सांगितले गेले त्यात देवनागरी अक्षरेच नाहीत. कोमा-स्क्रिप्ट मुळात जर्मन मुद्रणपरंपरेतून आलेला संच आहे आणि तो मथळे सॅन्स, म्हणजे बिनटोकी अक्षरात ठळक छापतो. आपण फक्त मुख्य फॉन्ट मराठी दिला असणार. सॅन्स कुळाला लाटेकचा मूळ रोमन फॉन्टच राहिला, आणि त्यात ‘प्रकरण’ लिहिण्याची सोय नाही. सॅन्स कुळासाठीही देवनागरी फॉन्ट द्यावा, किंवा ‘सेटकोमाफॉन्ट’ने मथळे मुख्य फॉन्टातच छापायला सांगावेत. कोमा-स्क्रिप्टसोबत टायटलसेक वापरू नये. दोघेही मथळ्यांचा ताबा घेतात आणि कोमा स्वतःच तसा इशारा देतो.

अशी गहाळ अक्षरे लॉग फाइलमध्ये नोंदली जातात, पण लॉग कोण वाचतो? ‘ट्रेसिंगलॉस्टचार्स’ची किंमत ३ केली, तर टेकलाइव्हच्या २०२१ पासूनच्या आवृत्त्यांत प्रत्येक गहाळ अक्षर चूक म्हणून समोर येते आणि काम तेथेच थांबते. मराठी मजकुरासाठी ही ओळ मी प्रत्येक फाइलच्या माथ्यावर ठेवतो.

‘एम्फ’चे कारणही याच घरातले आहे. ती आज्ञा तिरपे वळण मागते, आणि बहुतेक देवनागरी फॉन्टांत ते नसते. आयआयटी मुंबईच्या शोभिकामध्ये साधे आणि ठळक अशी दोनच वळणे आहेत. तिरपे मिळाले नाही की लाटेक मुकाट्याने सरळ छापते आणि लॉगमध्ये एक ओळ टाकते. फॉन्टस्पेकमध्ये सरळ अक्षरच कृत्रिम रीतीने कलते करण्याची सोय आहे, पण ती वापरू नये असे माझे मत आहे : काने आणि दंड कलतात, शिरोरेखा आडवीच राहते आणि शब्द पडल्यासारखा दिसतो. मराठी छपाईत जोर ठळक अक्षराने किंवा एकेरी अवतरणचिन्हांनी देण्याची रीत आहे; फॉन्ट घेतानाच तिरप्या वळणाच्या जागी ठळक फॉन्टाचे नाव दिले की जुना मजकूर न बदलता सगळे एम्फ ठळक होतात.

प्रश्न : याद्यांना ‘अ, ब, क, ड’ आणि प्रकरणांना ‘प्रकरण पहिले’, ‘प्रकरण दुसरे’ असे क्रमांक कसे द्यावेत? (शिक्षिका, नाशिक)

उत्तर : दोन्हींचा उपाय एकच आहे. लाटेकला मराठी क्रमवाचके येत नाहीत, म्हणून ‘इफकेस’ने एक छोटी सारणी लिहावी : गणक १ असेल तर अमुक, २ असेल तर तमुक. यादीसाठी ती सारणी ‘ॲडएन्युमरेटकाउंटर’ने एन्युमआयटम पॅकेजला ओळखीची करून द्यावी, प्रकरणासाठी ती टायटलफॉरमॅटमध्ये क्रमांकाच्या जागी लिहावी. ‘दचॅप्टर’ ही आज्ञाच बदलू नये, नाही तर आकृत्यांचे क्रमांक ‘पहिले.३’ असे येऊ लागतील. आता ‘अ, ब, क, ड’ की ‘अ, आ, इ, ई’, हे आपण ठरवावे. पहिला क्रम इंग्रजी वर्णमालेची सावली असला तरी आपल्या प्रश्नपत्रिकांनी तो इतका रुजवला आहे की त्याला परका म्हणणे अवघड आहे.

प्रश्न : आमच्या मालिकेतील सहा पुस्तिकांची मांडणी एकसारखी ठेवायची आहे. प्रत्येक फाइलमध्ये तेच चाळीस-पन्नास ओळींचे बदल चिकटवतो. एकात दुरुस्ती केली की बाकीच्या मागे राहतात. (ग्रंथालय कार्यकर्ते, पणजी)

उत्तर : ते बदल एका स्वतंत्र स्टाइल फाइलमध्ये ठेवावेत आणि ती नेहमीच्या पॅकेजाप्रमाणे ‘यूजपॅकेज’ने बोलवावी. आपल्या संगणकावरील व्यक्तिगत ‘टेक्स-एम-एफ’ या फोल्डरात, टेक आणि त्याच्या आत लाटेक अशा उपफोल्डरांत ती ठेवली, तर प्रत्येक पुस्तिकेशेजारी तिची प्रत करावी लागत नाही.

त्या फाइलमध्ये ओळींचा क्रम मात्र सांभाळावा. आधी भाषा आणि फॉन्ट, मग ओळींचे अंतर, मग जॉमेट्री, मग मथळे आणि सर्वांत शेवटी हेडर. हेडरसाठी फॅन्सीएचडीआर घेत असाल, तर ‘पेजस्टाइल फॅन्सी’ आधी लिहून मगच ‘चॅप्टरमार्क’ बदलावा. उलट केले तर पेजस्टाइल आपला बदल पुसून टाकते. हेडरची उंची अपुरी असल्याचा इशारा आला, तर तो दुर्लक्षू नये. देवनागरीला मुळातले १२ पॉइंट कमीच पडतात, आणि इशाऱ्यात सुचवलेला आकडा जॉमेट्रीच्या ‘हेडहाइट’ या पर्यायात घालावा. प्रकरणाच्या पहिल्या पानाला ‘प्लेन’ ही वेगळी शैली लागू होते. तेथेही देवनागरी पृष्ठांक योग्य जागी यायला हवा असेल, तर ‘फॅन्सीपेजस्टाइल’ने प्लेनची व्याख्याही याच फाइलमध्ये करावी.

आणखी एक सवय लावून घ्यावी. पुस्तिकेच्या मजकुरात ‘येथे ठळक’, ‘येथे अर्धा इंच जागा’ असे काहीही लिहू नये. ओवीसाठी ‘ओवी’, तळटीपेतल्या स्थलनामासाठी ‘स्थळ’ अशा अर्थाच्या आज्ञा रोमन अक्षरांत स्टाइल फाइलमध्ये करून त्याच वापराव्यात. चौथ्या पुस्तिकेच्या वेळी ओव्या मध्यभागी न घेता डावीकडून दोन एम आत घ्यायच्या ठरल्या, तर स्टाइल फाइलमधील एक ओळ बदलून आधीच्या तीन पुस्तिका पुन्हा चालवल्या की काम होते. मात्र प्रत्येक पुस्तिकेची पृष्ठसंख्या त्यानंतर पुन्हा पाहावी, कारण १६ पानांच्या फर्म्यावर एकच ओळ गेली तरी छापखाना पुढच्या फर्म्याचा कागद लावतो.